अमेरिकेतील ग्रामीण काउंटीच्या शेती-अनुदानांची यादी कशी वाचावी?

वऱ्हाडी_वैद्य

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. गेली तीन वर्षे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एका लहान काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करते. परदेशी डॉक्टरांनी ग्रामीण भागात तीन वर्षे सेवा केली, तर मायदेशी परतण्याच्या अटीतून त्यांना सूट मिळते, त्या वाटेने मी येथे आले. गाव लहान असल्यामुळे माझे निम्म्याहून अधिक रुग्ण शेतकरी आहेत. रक्तदाब मोजून होईपर्यंत बोलणे मका, सोयाबीन, एलिव्हेटरचा (धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या कोठाराचा) भाव आणि ‘एफएसए’चे कार्यालय यांवर येतेच. एफएसए म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सी, केंद्रीय कृषी खात्याची अनुदाने काउंटीच्या पातळीवर वाटणारी यंत्रणा, एवढे मला आता कळले आहे.

गेल्या महिन्यात एका रुग्णानेच मला सांगितले की कोणाला किती सरकारी पैसे मिळाले, हे नावानिशी पाहता येते. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने १९९५ पासूनची सरकारी आकडेवारी काउंटीनिहाय मांडून ठेवली आहे. मी ती उघडली आणि चक्रावून गेले. आपल्याकडे पीएम-किसानची गावनिहाय यादी असते, पण तिच्यात प्रत्येकापुढे तीच रक्कम असते. येथे एकापुढे वर्षाला चाळीस डॉलर आणि दुसऱ्यापुढे सव्वा लाख, असे आकडे एकाखाली एक आहेत. काही नावांपुढचे पत्ते शिकागोचे किंवा ॲरिझोनाचे आहेत. एकाच आडनावाचे नवरा, बायको, मुलगा आणि शिवाय त्याच आडनावाची एक भागीदारी संस्था, असे चार धनी दिसतात. २०१४ साल जवळजवळ सपाट आहे, तर २०१९ आणि २०२० मध्ये आकडे एकदम फुगले आहेत. त्यातच माझे एक वृद्ध रुग्ण तक्रार करतात की रस्त्यापलीकडे दुसरी काउंटी लागते, तिकडच्या लोकांना एका वर्षी मक्याचे पैसे मिळाले आणि यांना काहीच मिळाले नाही, जमीन मात्र दोन्हीकडे सारखीच काळी.

मला कोणाचे उणे काढायचे नाही, ही माणसे माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. पण हे पैसे नेमके कशाचे असतात आणि ही यादी पाहून काउंटीबद्दल कोणता निष्कर्ष काढता येतो, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. शेती-अर्थकारणाशी संबंधित कोणी येथे असल्यास कृपया विस्ताराने लिहावे.

---

हिशेबनीस

डॉक्टर, आपला प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर थोडे लांबणार आहे. मी मध्य-पश्चिमेत धान्यव्यापाराच्या हिशेबात वीस वर्षे घालवली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करू. या यादीतील मोठी रक्कम शेतकऱ्याने या वर्षी काय पेरले यावर बहुधा अवलंबून नसते. ती अवलंबून असते ‘बेस एकर’ या गोष्टीवर, ज्याला मराठीत पायाभूत एकर म्हणता येईल. प्रत्येक शेताला एफएसएने एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकाच्या नोंदीत ‘मक्याचे इतके पायाभूत एकर, सोयाबीनचे इतके, प्रत्येकाचा ठरलेला उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, इतका’ असे लिहिलेले असते. आपल्या सातबाऱ्यावर जुन्या पीक-पाहणीची नोंद कायमची गोठवून टाकावी आणि पुढची पंचवीस वर्षे तिच्यावरच पैसे द्यावेत, तसा हा प्रकार आहे. २००२ च्या कायद्याने जमीनमालकांना १९९८ ते २००१ या चार वर्षांतील पेऱ्यावरून हे पायाभूत एकर नव्याने ठरवून घेण्याची संधी दिली. २०१४ च्या कायद्याने २००९ ते २०१२ च्या पेऱ्यानुसार पिकांमध्ये अदलाबदल करू दिली, पण एकूण एकर वाढवू दिले नाहीत. म्हणून २००१ पर्यंत ज्या जमिनीवर गवत होते आणि आज मका आहे, तिच्या नावावर काहीच नसू शकते. उलट जुन्या मक्याच्या रानात आज सगळे सोयाबीन असले, तरी पैसे मक्याचेच येतात.

हे असे का झाले, त्याला इतिहास आहे. १९३३ मध्ये, महामंदीच्या तडाख्यात, आयोवाचेच हेन्री वॉलेस कृषिमंत्री असताना पहिला शेती-समायोजन कायदा आला. त्यात पेरा कमी करणाऱ्याला पैसे मिळत आणि ते पैसे प्रक्रिया-उद्योगांवरील करातून उभे केले जात. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि मग १९३८ चा नवा कायदा झाला. पुढची साठेक वर्षे सूत्र तेच राहिले: पिकाला हमीचा भाव आणि बदल्यात पेऱ्यावर सरकारचा लगाम. १९९६ मध्ये हा लगाम काढून टाकला आणि शेतकऱ्याने हवे ते पेरावे, पैसे जुन्या नोंदीवर मिळतील, असे ठरले. जास्त पैशांसाठी कोणी जास्त पेरू नये आणि बाजार बिघडू नये, हा त्यामागचा अर्थशास्त्रीय विचार होता, आणि तो चुकीचा नव्हता. मात्र त्याचे विचित्र परिणामही झाले. टेक्सासात जुन्या भातखाचरांवर घरे उठली, तरी भाताचे पैसे चालू राहिल्याची प्रकरणे गाजली. बाजारभाव कितीही चढा असला, तरी मक्याच्या ठरलेल्या प्रत्येक बुशेलमागे (बुशेल हे धान्य मोजण्याचे अमेरिकी माप) २८ सेंट देणारी ही थेट रक्कम अखेर २०१४ च्या कायद्याने बंद केली. आपल्याला २०१४ साल सपाट दिसते ते त्यामुळे: जुनी योजना संपली होती आणि नव्या योजनेचे पहिले पैसे ऑक्टोबर २०१५ मध्ये आले.

नव्या योजना दोन आहेत. पहिली पीएलसी (प्राइस लॉस कव्हरेज): पिकाचा वर्षभराचा राष्ट्रीय सरासरी भाव कायद्यातील आधारभावाखाली गेला, तर फरक मिळतो. एक साधा हिशेब करून पाहू. समजा मक्याचे ४०० पायाभूत एकर आहेत आणि ठरलेला उतारा एकरी १५० बुशेल आहे. पैसे एकरांच्या ८५ टक्क्यांवरच मिळतात, म्हणजे ३४० एकर, म्हणजे ५१,००० बुशेल. २०१६ च्या मक्याचा सरासरी भाव ३.३६ डॉलर निघाला आणि आधारभाव होता ३.७० डॉलर. फरक ३४ सेंट, म्हणून रक्कम १७,३४० डॉलर, आणि त्यातून अर्थसंकल्पी कपात वजा. ही रक्कम हाती पडते पिकानंतरच्या वर्षी ऑक्टोबरात, कारण आधी विक्रीचे सबंध वर्ष संपावे लागते. यादीतील साल आणि दुष्काळाचे किंवा मंदीचे साल जुळत नाही, याचे कारण एवढेच.

दुसरी योजना एआरसी (ॲग्रिकल्चर रिस्क कव्हरेज), आणि आपल्या वृद्ध रुग्णांची तक्रार या योजनेची आहे. हिच्यात भाव आणि उतारा यांचा गुणाकार, म्हणजे एकरी उत्पन्न, पाहिले जाते. मात्र ते उत्पन्न त्या शेतकऱ्याचे नव्हे, सबंध काउंटीचे. मागील पाच वर्षांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा वगळून सरासरी काढायची. २०२४ च्या पिकापर्यंत प्रत्यक्ष उत्पन्न तिच्या ८६ टक्क्यांखाली गेले, की तूट मिळत असे, आणि तीही सरासरीच्या १० टक्क्यांपर्यंतच. आता एका काउंटीत पाऊस वेळेवर पडला आणि शेजारच्या काउंटीच्या दुसऱ्या टोकाला गारपीट झाली, तर रस्त्याच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे एकरी साठ-सत्तर डॉलर असे घडू शकते, मग त्या रस्त्यालगतच्या दोन्ही रानांत पीक सारखेच का आलेले असेना. २०१४ च्या कायद्याखाली मक्याच्या बहुतांश पायाभूत एकरांसाठी शेतकऱ्यांनी हीच योजना निवडली होती, कारण तेव्हाच्या सरासरीत २०१० ते २०१३ चे चढे भाव मोजले जात होते. पहिली दोन वर्षे चांगले पैसे आले. ते चढे भाव सरासरीतून निघून गेले, तशी योजना आटली. मला स्वतःला ही काउंटी-सरासरीची कल्पना कागदावर हुशार आणि बांधावर अन्यायकारक वाटते. पण प्रत्येक शेताचे उत्पन्न तपासायचे म्हटले, तर ते काम विमा-योजनेचे होऊन बसते, हेही खरे.

२०१९ च्या फुगवट्याचे कारण निराळे आहे. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले, तेव्हा सरकारने कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या १९३३ पासूनच्या संस्थेच्या तिजोरीतून भरपाई जाहीर केली. पहिल्या वर्षी सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट आणि मक्याला फक्त १ सेंट असा दर होता, त्यावरून मका-उत्पादक फार संतापले. दुसऱ्या वर्षी म्हणून पीकवार दर सोडून प्रत्येक काउंटीला एकच एकरी दर लावला, १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत. त्यावरून काउंटी-काउंटीत धुसफूस झाली, ती वेगळीच. दोन वर्षांत मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले गेले, आणि लगेच २०२० मध्ये कोविडची मदत आली. त्या एका वर्षी देशभरातील थेट सरकारी शेती-देयके ४५ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. म्हणून त्या दोन वर्षांवरून आपल्या काउंटीची ‘नेहमीची’ अनुदाने ठरवू नयेत.

---

धुऱ्यावरून

हिशेबनीसांनी समजावून छान सांगितले आहे, पण माझ्यासारख्या वऱ्हाडात वावर असलेल्या माणसाला ते वाचताना वेगळाच प्रश्न पडतो. पीएम-किसानमध्ये आमच्या कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात आणि २०२३ पासून राज्याच्या नमो योजनेचे आणखी ६,००० मिळतात. दोन एकरवाल्यालाही तेवढेच आणि वीस एकरवाल्यालाही तेवढेच. अमेरिकेत मात्र जितकी जमीन जास्त तितका पैसा जास्त, आणि तो देश जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या हमीभावावर आक्षेप घेतो! २०१८ मध्ये अमेरिकेने आधी भारताच्या गहू-तांदळाबद्दल आणि मग कापसाबद्दल तशी हरकत नोंदवली होती, हे अनेकांना आठवत असेल.

कापसाचे तर थेट आमच्यावर बेतलेले प्रकरण आहे. २००१ च्या सुमारास जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला चाळीस सेंटच्याही खाली उतरला होता. त्या काळात टेक्सास आणि मिसिसिपीच्या काउंट्यांत कापूस-उत्पादकांना सरकार फरक भरून देत होते, म्हणून तिकडचा पेरा भाव पडूनही घटत नव्हता. ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली, २००४ मध्ये निकाल अमेरिकेविरुद्ध गेला आणि अपिलातही तो टिकला. पुढे काय झाले? अमेरिकेने आपली अनुदाने पुरती बंद न करता २०१० पासून ब्राझीलच्याच कापूस-संस्थेला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्याला अनुदान देता यावे म्हणून दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही पैसे! आमच्याकडे २००१ च्या त्या पडत्या भावाच्या काळात राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना तोट्यात रुतत होती आणि माल फेडरेशनला (कापूस खरेदी करणाऱ्या पणन महासंघाला) घातलेला शेतकरी चुकाऱ्याची वाट पाहत बसला होता. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनीही २००३ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, पण त्यांना ब्राझीलसारखा दाब आणता आला नाही.

तेव्हा डॉक्टर, यादी वाचताना तिच्यातला प्रत्येक डॉलर कोठे कोठे जाऊन भिडतो, हेही ध्यानात ठेवावे.

---

हिशेबनीस

धुऱ्यावरून, कापसाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. एक भर घालतो: २०१४ च्या कायद्यात रुईला नव्या योजनांतून वगळले होते, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘सरकीसह कापूस’ या नावाने तिला पौंडाला ३६.७ सेंट आधारभावाने पुन्हा आत घेतले. मात्र आयोवात कापूस नाही. डॉक्टरांच्या काउंटीतील मका-सोयाबीनचे पैसे बऱ्याच अंशी पेऱ्यापासून तोडलेले असल्याने भावावर त्यांचा परिणाम त्या जुन्या कापूस-अनुदानाएवढा थेट नाही. दोन्ही एका तागडीत घालू नयेत.

‘जितकी जमीन जास्त तितका पैसा जास्त’ हे खरे आहे. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुपच्या आकड्यांनुसार १९९५ पासून पिकांच्या योजनांचा तीन चतुर्थांशांहून अधिक पैसा वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेला. पण येथेही थोडे थांबून पाहावे लागते, कारण यादीच्या तळाशी असलेले बरेच जण वारसाने आलेल्या जमिनीच्या लहान तुकड्याचे वाटेकरी असतात आणि त्यांना शेतकरी म्हणणे कठीण आहे.

---

पंचनामा

मी नेब्रास्कात पीकविम्याच्या नुकसानीची पाहणी करतो, तेव्हा एक गोष्ट सांगणे माझे काम आहे: आपण पाहता त्या यादीत या व्यवस्थेचा सर्वांत मोठा नियमित भाग नावानिशी नाहीच.

पीकविमा विकतात खासगी कंपन्या, पण दर आणि अटी ठरवते कृषी खात्याची जोखीम-व्यवस्थापन संस्था. हप्त्याचा देशभरात सरासरी साठ टक्क्यांहून अधिक भाग सरकार भरते, आणि शिवाय कंपन्यांच्या कारभाराचा खर्चही देते. या हप्ता-अनुदानाला माणशी मर्यादा नाही. दहा हजार एकरांच्या धन्याला दहा हजार एकरांवर सवलत मिळते. काउंटीला एकूण किती हप्ता-अनुदान मिळाले, हे जाहीर असते, पण कोणत्या माणसाला किती, हे कळत नाही. २००८ च्या शेती कायद्यातील १६१९ व्या कलमाने शेतकऱ्याने खात्याला दिलेली बरीच माहिती उघड करण्यावर बंदी घातली आहे. त्यामुळे गावात चर्चा होते ती ऑक्टोबरच्या चेकची, आणि त्याहून मोठी मदत मुकाट्याने हप्त्याच्या बिलातून वजा होऊन जाते. माझ्या अनुभवात, ‘मी सरकारचा एक छदामही घेत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याचा विमा हमखास ८० किंवा ८५ टक्के संरक्षणाचा असतो.

आता एकाच घरातील चार धन्यांबद्दल. पीएलसी आणि एआरसी मिळून २०१८ च्या कायद्यात माणशी वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा होती, आणि ज्याचे सरासरी समायोजित उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर आहे त्याला काहीच मिळत नाही. पण मर्यादा माणशी असल्याने माणसे वाढवली की ती रुंदावते. बायको शेतीत सक्रिय मानली, की दुप्पट. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी. कुटुंबाच्या व्याख्येत २०१८ मध्ये पुतणे, भाचे आणि चुलत-मावस भावंडेही घातली. ‘सक्रिय’ ठरण्यासाठी जमीन, भांडवल किंवा अवजारे द्यावी लागतात आणि श्रम किंवा व्यवस्थापन करावे लागते. हे ‘व्यवस्थापन’ फोनवरूनही होऊ शकते, हीच त्यातली गोम आहे. अर्थात आपल्या यादीतील चारही जण खरोखर पहाटे उठून राबत असतील, अशीही तितकीच शक्यता आहे. यादीवरून ते कळत नाही.

---

वऱ्हाडी_वैद्य

सर्वांचे मनापासून आभार. पंचनामा यांनी लिहिलेले वाचून मी काल एका ओळखीच्या शेतकऱ्याला सहज विचारले, तर त्यांनी हसत हसत विम्याचे बिल दाखवले आणि सरकारी वाट्याच्या रकान्यावर बोट ठेवले. त्या बिलाकडे आपण कधी अनुदान म्हणून पाहिलेच नव्हते, असे ते म्हणाले.

दोन प्रश्न अजून उरले आहेत. शिकागोच्या पत्त्याचे उत्तर वारसांच्या उल्लेखात थोडे आले, पण ते वारस शेती करत नसताना त्यांना पैसे मिळतात कसे? आणि दुसरे, माझे एक तरुण रुग्ण पूर्णपणे खंडाच्या जमिनीवर शेती करतात. यादीत त्यांच्या नावापुढे चांगली रक्कम आहे, पण त्यांचे म्हणणे असे की ते पैसे त्यांच्या खिशात राहतच नाहीत. हे खरे असू शकते का?

---

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझ्या मते सगळ्या यादीची किल्ली तेथे आहे.

आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही, ती भाड्याने कसली जाते. आपल्याकडे जसे बटई आणि खंड हे दोन प्रकार, तसेच तेथे. बटईत, म्हणजे पिकाच्या वाट्यावर जमीन दिली असेल, तर मालक पिकाची जोखीम घेतो, म्हणून अनुदानही त्याच वाट्याने मालक आणि कसणारा यांच्यात विभागले जाते. शिकागोच्या पत्त्यावरच्या आजी बहुधा अशाच असतात: नवरा वारल्यावर मुलांकडे राहायला गेल्या आणि जमीन अर्ध्या वाट्याने दिली. खंडाने, म्हणजे रोख भाड्याने दिली असेल, तर कायद्याप्रमाणे संपूर्ण अनुदान कसणाऱ्याचे. मालकाचे नाव यादीत येतच नाही. भारतात पीएम-किसानमध्ये नेमके उलटे आहे, तेथे जमीन ज्याच्या नावावर त्याला पैसे आणि मक्त्याने वाहणाऱ्याला काहीच नाही, हे धुऱ्यावरून यांना चांगले ठाऊक असेल.

पण कायद्याने पैसे कसणाऱ्याला दिले, म्हणून ते त्याच्याकडे राहतात असे नाही. त्या शेताच्या नोंदीवर किती पायाभूत एकर आहेत, हे मालकाला ठाऊक असते आणि शेजारच्या इच्छुक भाडेकरूलाही. पुढच्या वर्षीचा खंड ठरवताना ती रक्कम हिशेबात धरली जाते आणि बोली चढते. अर्थशास्त्रज्ञांचे वाद आहेत ते किती भाग मालकाकडे सरकतो यावर. काही भाग सरकतो, याबद्दल फारसा वाद नाही. शिवाय एआरसीचे पैसे येतात पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात आणि खंड भरायचा असतो पेरणीच्या आधी, मार्चमध्ये. भाव पडलेल्या वर्षी तरुण शेतकरी बँकेकडून कर्ज काढून खंड भरतो आणि दीड वर्षाने आलेला चेक थेट त्या कर्जात जातो. आपले रुग्ण खोटे बोलत नाहीत. मालकीची जमीन असलेल्या त्यांच्या शेजाऱ्याला तेवढीच रक्कम मिळाली, तर तिचा अर्थ निराळा, आणि यादीत मात्र दोघांपुढे आकडा एकच.

शिकागोच्या पत्त्यांचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे १९८५ च्या कायद्याने सुरू झालेला जमीन-राखीव कार्यक्रम, सीआरपी. धूप होणारी किंवा ओढ्याकाठची जमीन दहा ते पंधरा वर्षे पेरायची नाही, तिच्यावर गवत किंवा झाडे राखायची, आणि बदल्यात सरकार दरवर्षी भाडे देते. यात शेती करावी लागत नाही, म्हणून दूर राहणाऱ्या मालकाला हे सोयीचे पडते. आपण यादी योजनावार उघडून पाहिली, तर अशी बरीच नावे या एका रकान्यात सापडतील. एका काउंटीतील पिकाखालच्या जमिनीच्या २५ टक्क्यांहून अधिक जमीन सहसा यात घेता येत नाही. ती मर्यादा का आली, याचे उत्तर आपल्या गावातील मुख्य रस्त्यावर मिळेल: पेरणीच बंद झाली, की बियाणेवाला, खतवाला, अवजारांचा दुकानदार आणि एलिव्हेटर या सगळ्यांचा धंदा आटतो, आणि भाड्याचा चेक जातो ॲरिझोनाला. तरीही मी या योजनेच्या बाजूचा आहे. सरकार येथे पैशांच्या बदल्यात नजरेला दिसणारी एक गोष्ट विकत घेते: ओढ्यात जाणारी माती थांबते. बाकीच्या योजनांबद्दल इतके सरळ सांगता येत नाही.

---

धुऱ्यावरून

मक्त्याबद्दल आपण लिहिले ते अगदी खरे आहे. आमच्या गावात निम्मे वावर मक्त्याने वाहिले जाते आणि पीएम-किसानचा हप्ता पुण्यात नोकरी करणाऱ्या मालकाच्या खात्यावर पडतो. म्हणजे दोन्ही देशांत पैसा शेवटी सातबाऱ्याच्याच दिशेने वाहतो, फक्त अमेरिकेत तो कसणाऱ्याच्या खात्याला वळसा घालून जातो, असे म्हणायचे का?

---

पंचनामा

म्हणायला हरकत नाही, पण तो वळसाही सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. एफएसएचा कारभार काउंटी समितीच्या देखरेखीखाली चालतो. तीन ते अकरा सदस्य, शेतकऱ्यांनीच मत देऊन निवडलेले, तीन वर्षांच्या मुदतीचे. स्थानिक माणसांच्या हाती कारभार असावा, ही कल्पना चांगलीच आहे. मात्र दक्षिणेतील काउंट्यांत याच समित्या अनेक दशके गोऱ्या जमीनदारांच्या हाती राहिल्या आणि कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे कर्जाचे व मदतीचे अर्ज लांबवले किंवा फेटाळले गेले. त्यावरून झालेल्या पिगफर्ड खटल्यात १९९९ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली, आणि उशिरा आलेल्या दाव्यांसाठी २०१० मध्ये पुन्हा सव्वा अब्ज डॉलरची तडजोड झाली. ज्यांची जमीनच तोवर हातची गेली होती, त्यांची नावे १९९५ नंतरच्या यादीत शोधूनही सापडणार नाहीत. डॉक्टरांच्या काउंटीचा हा इतिहास नाही, पण दक्षिणेतील एखाद्या काउंटीची यादी कोणी उघडली, तर हे ठाऊक असावे.

---

वऱ्हाडी_वैद्य

मी आज यादी पुन्हा योजनावार पाहिली. ॲरिझोनाच्या पत्त्यांपैकी जवळजवळ सगळे खरोखरच सीआरपीच्या रकान्यात निघाले. चार धन्यांच्या त्या कुटुंबाचे २०१९ आणि २०२० वगळून पाहिले, तर बाकी वर्षांची रक्कम मी समजत होते त्याच्या पाव भागही नव्हती. एक शेवटचे विचारते: २०२५ मध्ये नवा कायदा झाला, त्याबद्दल रुग्णालयात सगळे बोलत असतात. त्याने या यादीत काय बदलेल?

---

हिशेबनीस

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने आधारभाव वाढवले आहेत: मका ३.७० वरून ४.१०, सोयाबीन ८.४० वरून थेट १०.००, गहू ५.५० वरून ६.३५ डॉलर. एआरसीची हमी ८६ वरून ९० टक्क्यांवर आणि तिची कमाल मर्यादा १० वरून १२ टक्क्यांवर गेली आहे, आणि माणशी मर्यादा १,५५,००० डॉलर झाली आहे. २०२५ च्या पिकापुरते दोन्ही योजनांपैकी जिची रक्कम जास्त ती आपोआप मिळेल, निवड चुकण्याची चिंता नाही. शिवाय २०१९ ते २०२३ च्या पेऱ्यावरून देशभरात तीन कोटींपर्यंत नवे पायाभूत एकर नोंदवले जाणार आहेत, म्हणजे गवताची जी रानं अलीकडे मक्याखाली आली, त्यांची नावे प्रथमच कागदावर येतील.

हे पैसे देय होतात ऑक्टोबर २०२६ मध्ये, म्हणून त्याआधीच्या यादीत यातले काही शोधू नये. आणि आपल्या त्या तरुण रुग्णाने पुढच्या वर्षांचा खंड अजून ठरवला नसेल, तर या सगळ्या आकड्यांचा कागद घेऊनच त्याने मालकासमोर बसावे. मालकाने तो बहुधा आधीच वाचलेला असेल.